जिप्सीचा ट्रान्स्फर केस: उतरवणे, उघडणे आणि पुन्हा बांधणे

जुनी मारुती जिप्सी घेतली की पहिल्याच सर्व्हिसिंगला कुणीतरी खाली वाकून कान देतो आणि निकाल सांगून टाकतो: "ट्रान्स्फर गेलाय, खोलावा लागेल." ट्रान्स्फर म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद मागच्या आणि हवी तेव्हा पुढच्याही चाकांना पोचवणारा गिअरांचा डबा. पुष्कळदा तो ठणठणीत असतो. आवाज करणारा दुसराच कुणीतरी असतो आणि शेजारी म्हणून ट्रान्स्फर पकडला जातो. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडा वेळ तपासणीला द्या. या लेखाचा बराच भाग त्या तपासणीवरच आहे, कारण डबा उघडणे अवघड नाही, विनाकारण उघडलेला डबा निस्तरणे अवघड.

जिप्सी १९८५ च्या शेवटी आली, १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली आणि २०१९ च्या आसपास उत्पादन थांबले. इतक्या वर्षांत इंजिन, गिअरबॉक्स, चाकांमधले अंतर असे बरेच काही बदलले, पण ट्रान्स्फर केसची मूळ मांडणी तीच राहिली. नवशिक्याच्या दृष्टीने ती फार सोयीची आहे. पुष्कळ फोर बाय फोर गाड्यांत ट्रान्स्फर गिअरबॉक्सच्या पाठीला थेट जोडलेला असतो. जिप्सीत तो वेगळा डबा आहे. चेसीवर तीन रबरी माउंटवर बसलेला, आणि गिअरबॉक्सपासून त्याच्यापर्यंत एक छोटा शाफ्ट येतो. त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता, इंजिन न टेकवता, एवढा एकच डबा खाली उतरवता येतो. आत साखळी नाही, सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावणारा भाग) नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. फक्त गिअर आणि बेअरिंगं.

आत काय चालते

पुढून छोट्या शाफ्टने ताकद येते ती इनपुट शाफ्टवर. तिथून ती खालच्या काउंटर गिअरवर जाते आणि काउंटर गिअरवरून आउटपुट शाफ्टवरच्या दोन गिअरांना मिळते: एक हायचा (नेहमीच्या वेगासाठी), एक लोचा (हळू, पण जास्त जोरासाठी). हे दोन्ही गिअर आउटपुट शाफ्टवर मोकळे फिरत असतात. मधली सरकती स्लीव्ह ज्या गिअरला जाऊन धरते, तो शाफ्टला फिरवतो. मागचे चाक कायम जोडलेले. पुढच्या शाफ्टसाठी आणखी एक स्लीव्ह, ती सरकली की फोर बाय फोर लागते.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे निदान तिच्यावर उभे आहे. पुष्कळ जीपांमध्ये हाय म्हणजे थेट, एकास एक; साध्या रस्त्यावर ताकद गिअरांमधून न जाता सरळ पार होते. जिप्सीत तसे नाही. जिप्सी किंगमध्ये हायचे गुणोत्तर १.४०९ आहे आणि लोचे २.२६८. म्हणजे तुम्ही पुणे-सातारा हायवेवर टू-एचमध्ये (हाय, फक्त मागची चाके) चालला असलात तरी प्रत्येक क्षणी काउंटर गिअर कामाला जुंपलेला असतो. "मी फोर बाय फोर कधी वापरलाच नाही, मग ट्रान्स्फर कसा झिजेल?" हा प्रश्न म्हणून गैरलागू आहे. शिवाय थोडी गुणगुण ही या डब्याची मूळ प्रकृती आहे. नव्या जिप्सीतही ती होती. कारमधून जिप्सीत आलेल्या माणसाला ती बिघाड वाटते.

खोलण्याआधी चोर पकडा

पहिली चाचणी फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. ट्रान्स्फरची दांडी न्यूट्रलला घ्या, गिअरबॉक्स वरच्या गिअरात टाका आणि क्लच हळू सोडा. गाडी हलणार नाही, पण छोटा शाफ्ट, इनपुट शाफ्ट, काउंटर गिअर आणि आउटपुटवरचे मोकळे गिअर फिरू लागतील. आउटपुट शाफ्ट स्वतः थांबलेला. या वेळी गाडीखाली कुणीही नको; आवाज ऐकायचा तो बाजूला उभे राहून.

आता घरघर येत असेल तर संशय इनपुटच्या बेअरिंगांवर, काउंटर गिअरच्या निडल बेअरिंगांवर, छोट्या शाफ्टच्या क्रॉसवर (वाकणाऱ्या सांध्यावर) किंवा खुद्द गिअरबॉक्सवर. गिअरबॉक्सही न्यूट्रलला घेऊन क्लच सोडलेला ठेवा. आवाज तसाच राहिला तर ट्रान्स्फरची सुटका झाली, कारण आता त्याच्याकडे काही पोचतच नाही. उलट, उभ्या गाडीत सगळे शांत आणि चालवताना मात्र हूं-हूं असा वेगाबरोबर चढणारा आवाज असेल, तर आउटपुट शाफ्टची टेपर बेअरिंगं, मागचा डिफरन्शियल, चाकाची बेअरिंगं किंवा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्स्फरकडून चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट) हे उमेदवार.

दुसरी चाचणी हाताने. गाडी बंद, ठोकळे जागेवर, खाली जाऊन प्रत्येक प्रॉपेलर शाफ्ट धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये टिकटिक जाणवली तर तो आधी बदला. मग ट्रान्स्फरच्या मागच्या फ्लँजला (शाफ्ट जिला बोल्टने जोडलेला असतो त्या चकतीला) धरून वर-खाली हलवा. इथे खेळ असेल, म्हणजे फ्लँज डब्याच्या संदर्भात हलत असेल, तर आतली बेअरिंगं खरोखर गेली आहेत.

तिसरे, माउंट. जोर लावला की डबा पिळतो, आणि रबर फाटलेले असेल तर जास्तच पिळतो. तसे झाले की फोर-एलमध्ये (लो, चारही चाके) चढावर दांडी आपोआप सुटते, क्लच सोडताना धडक बसते, हादरे येतात. "गिअर सुटतोय" म्हणून उघडलेल्या डब्यांपैकी कित्येक फक्त माउंट मागत होते. पहारीने डबा जरा उचकून पाहा. रबर आणि लोखंड वेगळे होताना दिसले तर तीनही माउंट एकदमच बदला. एकच नवा घातला तर डबा तिरका बसतो आणि शाफ्टचे कोन बिघडतात.

शेवटची तपासणी ऑइलची. आधी वरचा भरायचा प्लग सोडा, तो सुटल्यावरच खालचा. उलटे केले आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर ऑइल नसलेली गाडी घेऊन बसावे लागते. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. कोकणात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचे: गरम डबा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (डब्याला हवा येण्या-जाण्याचे भोक) बुजलेला असेल तर डबा सीलच्या ओठांवाटे पाणी ओढून घेतो. प्लगवर राखाडी मऊ लेप सापडला तर घाबरू नका, ती वयाची झीज. बोटांना टोचणारे तुकडे किंवा चकत्या सापडल्या की मात्र उघडावेच लागेल. फक्त गळती असेल तर कुठून गळते ते नीट पुसून, थोडे चालवून पाहा. तीन फ्लँजमागची सील डबा न उतरवताही बदलता येतात.

जमवाजमव

सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवा. टॉर्कचे आकडे, शिमच्या (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्यांच्या) जाड्या, बेअरिंगच्या घट्टपणाचे माप या तीन गोष्टी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यायच्या. आतील भाग एमजी४१० (किंगच्या आधीची जिप्सी) आणि किंगमध्ये सारखे दिसतात, गुणोत्तरे मात्र वेगळी आहेत. जुन्या बाजारातून गिअर आणताना दात मोजूनच आणा.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, आणि तिथे नाही मिळाले तर दिल्लीच्या काश्मिरी गेटला चौकशी करून मिळतात. बेअरिंग मात्र गाडीच्या पार्ट्सच्या दुकानात न घेता बेअरिंगच्या दुकानात, जुन्यावर कोरलेला नंबर दाखवून घ्यावे, असे माझे ठाम मत. खोक्यावरचे नाव आणि आतले बेअरिंग यांची गाठ प्रत्येक वेळी पडतेच असे नाही. किटमध्ये काय हवे: इनपुटची दोन बेअरिंगं, आउटपुटची दोन टेपर बेअरिंगं, पुढच्या आउटपुटचे बेअरिंग, काउंटर गिअरची निडल केज, थ्रस्ट वॉशर, तीनही फ्लँजची सील, काउंटर शाफ्टची ओ-रिंग आणि फ्लँजचे नवे नट.

हत्यारांत नेहमीचे रिंग पाने आणि गोटी पाने, टॉर्क पाना, दोन पायांचा पुलर, सरक्लिपचा पक्कड, ठोकायला पितळी किंवा तांब्याचा दांडा, फिलर गेज. हायड्रॉलिक प्रेस घरी नसतो. कुठल्याही लेथवाल्याकडे असतो, थोड्या पैशांत बेअरिंग काढून-बसवून देतो. गाडी उचलायला जॅक आणि टेकवायला भक्कम घोड्या. विटांवर टेकवलेल्या गाडीखाली जाऊ नका, कितीही घाई असो.

खाली उतरवणे

इथे एक धोका नवख्याच्या लक्षात येत नाही. प्रॉपेलर शाफ्ट सुटला की "गाडी गिअरमध्ये टाकली आहे" याला काही अर्थ उरत नाही. इंजिनचा चाकांशी संबंधच तुटला. ज्या जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फरच्या मागच्या बाजूला असतो, त्यांत हँडब्रेकही गेला. ठोकळे हाच काय तो आधार. उतारावर हे काम करूच नका.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. आतून दांडीचे रबरी कव्हर उचला. खालची टोपी दाबून फिरवली की दांडी वर निघते. भोकात स्वच्छ फडके कोंबा. खाली स्पीडोमीटरची केबल आणि फोर बाय फोरच्या दिव्याची वायर सोडा, ब्रीदरची नळी असेल तर तीही. फोनवर फोटो काढत चला.

शाफ्ट सोडण्याआधी फ्लँज आणि शाफ्ट दोन्हींवर एका रेषेत पंचने खूण करा. परत जोडताना खुणा जुळल्या नाहीत तर शाफ्टचा तोल जातो आणि नवी बेअरिंगं घालूनही गाडी थरथरते. छोटा शाफ्ट काही गाड्यांत गिअरबॉक्समध्ये सरकून बसलेला असतो. तो पूर्ण ओढला तर गिअरबॉक्सचे ऑइल अंगावर येते. ट्रान्स्फरकडचे बोल्ट काढून तो बाजूला तारेने बांधला तरी भागते.

आता डबा अजून माउंटवर आहे, तोवरच तीनही फ्लँजचे मोठे नट ढिले करून घ्या. फ्लँजच्या दोन भोकांत बोल्ट अडकवून एक लांब पट्टी लावा, ती चेसीला टेकवा आणि मग नट फिरवा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल तर आधी छिन्नीने ती सोडवा. हाच नट डबा बाकावर घेऊन सोडवायचा म्हटले तर दोन माणसे डबा धरायला लागतात.

मग डब्याखाली ट्रॉली जॅक, त्यावर फळी, डब्याला दोरीचा फेरा. माउंटचे चेसीकडचे बोल्ट काढा आणि हळूहळू खाली घ्या. डबा उभ्याने उचलण्याजोगा असतो, पण पाठीवर पडून छातीवर झेलण्याजोगा नसतो.

उघडणे

उघडण्याआधी डबा बाहेरून धुऊन घ्या. डिझेल आणि ब्रश, मग हवा. बाहेरचा चिखल आत गेला की नवी बेअरिंगं तोच चिखल दळतात. बाकावर पांढरा कागद किंवा जुना चादरीचा तुकडा पसरा, म्हणजे सांडलेली गोळी दिसते.

क्रम साधारण असा. फ्लँज ओढून काढा. दिव्याचा स्विच आणि स्पीडोमीटरचा छोटा गिअर काढा. नंतर फोर्कच्या (स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यांच्या) शाफ्टना खाचेत धरणाऱ्या स्प्रिंग आणि गोळ्या: त्यांचे प्लग सोडताना बोट लावून ठेवा आणि कुठली स्प्रिंग कुठल्या भोकातली ते लगेच लिहून ठेवा. दोन फोर्क शाफ्टच्या मध्ये एक छोटी इंटरलॉक पिन असते, ती न सांगता घरंगळते. ती हरवली तर गाडी चालेल, पण दोन्ही फोर्क भलत्या जोडीने सरकू शकतील.

पुढच्या आउटपुटचे घर बोल्ट काढून पुढे ओढले की त्याच्याबरोबर पुढची स्लीव्ह निघते. काउंटर शाफ्टला बाहेरून एक लॉक प्लेट असते; ती काढून शाफ्ट पितळी दांड्याने हलके ठोकून बाहेर काढा. मग डब्याचे भाग वेगळे करा. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका. अॅल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढे कायमची गळती देतो. ठोकायला डब्यावर खास पुढे आलेले कान असतात. शिमा निघतील त्या निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून, जागा लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवा.

काय फेकायचे, काय ठेवायचे

बेअरिंग आणि सील सगळी नवीच. इथे काटकसर करू नका, कारण इथवर पोचायची मेहनत त्यांच्या किमतीपेक्षा जास्त आहे. खरा विचार करायचा तो गिअर आणि शाफ्टचा.

काउंटर शाफ्ट आधी पाहा. निडल रोलर थेट त्याच्या पृष्ठभागावर फिरतात. पाणी शिरलेल्या डब्यात तिथे बारीक खड्डे पडतात, नखाने जाणवतात. असा शाफ्ट ठेवून नवी निडल केज घातली तर ती काही महिन्यांत त्याच वाटेने जाते. शाफ्ट बदलाच. थ्रस्ट वॉशर झिजला असेल तर काउंटर गिअर पुढे-मागे सरकतो. फिलर गेजने मोजून मॅन्युअलशी ताडा.

गिअरांच्या दातांवर चकचकीत पट्टा असणे ठीक. खवले उडालेले, कोपरा तुटलेला दात असेल तर गिअर आणि त्याचा जोडीदार दोन्ही बदला. स्लीव्हच्या दातांची टोके बघा. ती टोकदार हवीत, गोल झाली असतील तर दांडी सुटण्याचे कारण सापडले. फोर्कचे पाय एका बाजूने पातळ झालेले असतील तर स्लीव्ह पूर्ण सरकत नाही, आणि अर्धवट बसलेली स्लीव्हच दात गोल करते. म्हणून ही दोन झिजा नेहमी सोबत सापडतात. एकच भाग बदलून भागत नाही.

फ्लँजवर सीलचा ओठ फिरून खाच पडलेली असते. नवे सील त्याच खाचेत बसले की पुन्हा गळते. खाच उथळ असेल तर सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवून नवी जागा मिळते; खोल असेल तर पातळ स्लीव्ह चढवा किंवा फ्लँज बदला.

बांधणी आणि तो एक नाजूक टप्पा

बेअरिंगचे बाहेरचे कडे अॅल्युमिनियमच्या डब्यात घट्ट बसते. हातोडीने मारामारी करण्याऐवजी डब्याचा तो भाग ९०-१०० अंशांपर्यंत तापवा आणि कडे आधी फ्रीझरमध्ये ठेवा. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते, त्यामुळे कडे जवळजवळ हाताने बसते. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर, डब्यात बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलटे केले तर जोर गोळ्यांवर किंवा रोलरांवर पडून नवे बेअरिंग तिथेच खराब होते.

आता आउटपुट शाफ्टची टेपर बेअरिंगं. ही सैल असली तर शाफ्ट नाचतो, गिअर सुटतात. जास्त आवळली तर तापून जळतात. मधले माप शिमने मिळते. आधी जुन्याच शिमा घालून, सील न लावता, डबा कोरडाच जोडा, बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळा आणि शाफ्ट हाताने फिरवा. पुढे-मागे जराही खेळ नको, आणि फिरताना एकसारखा हलका विरोध जाणवला पाहिजे. हाताचा अंदाज पहिल्यांदाच्या माणसाला पुरत नाही, म्हणून मोजा: फ्लँजला दोरी गुंडाळा, टोकाला स्प्रिंगचा तराजू लावा आणि सावकाश ओढा. फिरत असताना तराजूवर दिसलेले किलो गुणिले फ्लँजची त्रिज्या. त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि ओढ १ किलो असेल तर ५ किलो-सेंटिमीटर. हा फक्त हिशेबाचा नमुना झाला, लक्ष्याचा आकडा मॅन्युअलचा घ्या. शिम बदलायची, पुन्हा जोडायचे, पुन्हा मोजायचे. कंटाळवाणे आहे, पण संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा तास हाच.

यातच एक पोटमुद्दा. मूळ डब्यात कागदी पॅकिंग असेल आणि तुम्ही त्याऐवजी नुसते सीलंट लावले, तर पॅकिंगच्या जाडीइतका डबा जवळ येतो आणि घट्टपणा वाढतो. जे लावून मोजले तेच शेवटी लावा. सीलंट पातळ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने एक अखंड रेघ. ट्यूब रिकामी केल्याने गळती थांबत नाही. आत पिळून पडलेला जास्तीचा भाग सुटून ऑइलमध्ये फिरतो.

निडल रोलर आणि थ्रस्ट वॉशर ग्रीस लावून चिकटवले की जागेवर राहतात. सीलच्या ओठाला ग्रीस, काउंटर शाफ्टची ओ-रिंग नवी आणि ऑइल लावलेली. गोळ्या, स्प्रिंग, इंटरलॉक पिन बसल्यावर डबा पूर्ण बंद करण्याआधी सगळ्या जागा हाताने लावून पाहा: टू-एच, फोर-एच, न्यूट्रल, फोर-एल. प्रत्येक ठिकाणी टक असा स्पष्ट आवाज यायला हवा आणि टू-एचमध्ये पुढची फ्लँज मोकळी फिरायला हवी.

परत गाडीत

चढवताना माउंटचे बोल्ट बोटाने लावून ठेवा, तीनही शाफ्ट खुणा जुळवून जोडा, आणि माउंट सर्वांत शेवटी आवळा, म्हणजे डबा ओढाताण न होता आपल्या जागी बसतो. फ्लँजचे मोठे नट डबा गाडीत आल्यावर टॉर्कला आवळणे सोपे. ते शाफ्ट जोडण्याआधी, आणि नटाची कड पुन्हा खाचेत ठोकून. ब्रीदरमधून फुंकून पाहा.

ऑइल ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल, साधारण ०.८ लिटर. सपाट जागी उभ्या गाडीत भरायच्या भोकाच्या कडेला ऑइल आले की थांबा. काढलेले जुने ऑइल गटारात न सोडता डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलमध्ये द्या.

पहिली फेरी १०-१५ किलोमीटरची, टू-एचमध्ये, सावकाश. थांबून डब्याच्या मागच्या बेअरिंगच्या बाजूला हात लावा. कोमट ते गरम ठीक. हात ठेवता येत नसेल तर घट्टपणा जास्त झाला आहे, पुढे चालवू नका. फोर-एच आणि फोर-एल तपासायला मातीचा रस्ता किंवा मैदान निवडा, कोरडे डांबर नको. सेंटर डिफरन्शियल नसल्याने डांबरावर वळताना पुढची-मागची चाके एकमेकांशी ओढाताण करतात, दांडी अडकते, आणि सगळा ताण तुमच्या ताज्या बेअरिंगांवर पडतो.

दुसऱ्या दिवशी शाफ्टचे आणि माउंटचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा. सुमारे ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदला. त्यात थोडी बारीक चकाकी दिसेल, ती नव्या भागांची. १,००० ला पुन्हा प्लग उघडून पाहा, आणि पावसाळ्यात दरवाजाच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यातून गेलात तर त्याच आठवड्यात.